‘व्यवसाय : मजूर’ – कान-नाक-घसा विभागातील एक अध्यापन-प्रकरण

कोकण किनाऱ्यावरील एका वैद्यकीय महाविद्यालयात मी कान-नाक-घसा हा विषय शिकवतो. पुढील प्रकरण जितके एका रुग्णाचे आहे, तितकेच ते नऊ विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या शिक्षकाचे, म्हणजे माझे आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. विद्यार्थ्यांच्या आणि माझ्या चुका मात्र गाळलेल्या नाहीत, कारण त्या गाळल्या तर लिहिण्याजोगे फारसे उरत नाही.

पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांची एक तुकडी आमच्या बाह्यरुग्ण विभागात अवघे काही आठवडे असते. वैद्यकशास्त्र, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र या थोरल्या विषयांपुढे आमचा विषय धाकटा समजला जातो आणि विद्यार्थी आमच्याकडे येतात ते परीक्षेत हमखास विचारल्या जाणाऱ्या गोष्टींची यादी घेऊनच : ट्यूनिंग फोर्कच्या चाचण्या, कानाच्या पडद्याचे छिद्र, टॉन्सिल आणि नाकातला पॉलिप (आत लोंबणारी मऊ वाढ).

हा विषय शिकवण्यातली मूळ अडचण अशी की, पाहायचे ते सगळे अंधाऱ्या पोकळ्यांमध्ये असते आणि एका वेळी एकालाच दिसते. पोटावर हात ठेवून यकृताची कड नऊ जण एकापाठोपाठ एक चाचपू शकतात. नाकात मात्र थुडिकम, म्हणजे नाकपुडी उघडी धरणारा चिमटा, घालून, कपाळावरच्या दिव्याचा झोत नेमका आत पाडून, मधल्या टर्बिनेटपर्यंत (नाकातल्या हाडाच्या वळीपर्यंत) नजर पोहोचेतो विद्यार्थ्याची मान अवघडते आणि रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागते. एंडोस्कोप आणि त्याला जोडलेला पडदा आल्यापासून सर्वांना एकदम दिसू लागले ही मोठी सोय झाली, पण त्या सोयीपायी विद्यार्थी रुग्णाकडे पाठ करून पडद्याकडे पाहत उभे राहतात, हेही खरे आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात मी स्कोप कपाटातच ठेवतो आणि त्यांना एकमेकांच्या नाकात आणि घशात पाहायला लावतो. आरशाने जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहण्याची रीत ज्याने १८५४ मध्ये स्वतःवर प्रयोग करून बसवली, तो मान्युएल गार्सिया डॉक्टर नव्हता, गाणे शिकवणारा शिक्षक होता, हे मी त्यांना आवर्जून सांगतो. स्वतःचा घसा पाहिलेला माणूस दुसऱ्याच्या घशात आरसा जरा सांभाळून घालतो, असा माझा अनुभव आहे.

या तुकडीत दोघे विदर्भातले, तिघे मराठवाड्यातले, एक सोलापूरचा आणि दोघी मुंबईच्या होत्या. स्थानिक म्हणावी अशी एकच मुलगी, देवगड तालुक्यातल्या सड्यावरच्या (खडकाळ पठारावरच्या) एका गावची. ही गणती इथे देण्याचे कारण पुढे येईल.

रुग्ण आणि त्याचा कागद

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. पाऊस नुकताच सरला होता. वीस वर्षांचा एक तरुण आपल्या काकांबरोबर आला. उजवी नाकपुडी दीड वर्षापासून बंद, अधूनमधून घोळणा फुटतो, शेंबडातून रक्ताचे धागे येतात आणि बोलणे नाकात येते, अशी त्याची तक्रार होती. तो स्वतः एवढेच म्हणाला, “डॉक्टरानु, शिंकलंय की रगात येता.” सुरुवातीला गावच्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या आणि नाकात घालायचे थेंब दिले होते. त्याने गुण आला नाही, तेव्हा आठ महिन्यांपूर्वी एका खाजगी रुग्णालयात ‘नाकातले मांस’ काढले. काढलेला तुकडा तपासणीस पाठवला होता की नाही, हे काकांना सांगता आले नाही. त्यांच्या पिशवीतल्या कागदांत बिल होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, पॅथॉलॉजीचा अहवाल मात्र नव्हता. पावसाळा लागता लागता नाक पुन्हा भरून आले.

इतिहास घेण्याचे काम नागपूरच्या विद्यार्थ्याकडे होते आणि त्याने ते, आमच्या रिवाजाप्रमाणे पाहिले तर, उत्तम केले. मुख्य तक्रारी कालक्रमाने लिहिल्या. प्रत्येक तक्रारीचा आरंभ, कालावधी आणि वाढ यांची नोंद केली. वास येतो का, डोके दुखते का, कानाला दडे बसतात का, डोळ्यांनी दुहेरी दिसते का, अंगावर इतरत्र रक्तस्रावाच्या खुणा आहेत का, असे नकारार्थी मुद्देही सोडले नाहीत. कुटुंबात दमा किंवा ॲलर्जी नाही. सवयी : तंबाखू नाही, मद्य नाही. व्यवसाय : मजूर. त्या केसशीटला मी दहापैकी साडेसात गुण दिले. तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण साडेसात गुण नेमके कशाला दिले, हे मला नंतर स्वतःलाच विचारावे लागले.

सकाळचे दोन तास

निदान काय, असे विचारताच त्या विद्यार्थ्याने उत्तर दिले : गालाच्या पोकळीतून उगवून मागे घशाकडे वाढणारा, म्हणजे अँट्रोकोअनल पॉलिप, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा झालेला. एकाच बाजूचा आहे, वय कमी आहे, काढल्यावर परत आला आहे, ही त्याची कारणे होती आणि ती वावगी नव्हती. यावर मुंबईच्या एका विद्यार्थिनीने हरकत घेतली. पॉलिप फिकट, ओलसर, सोललेल्या द्राक्षासारखा असतो आणि सहसा रक्त देत नाही. इथे तर रक्त हीच मुख्य तक्रार आहे. तरुण मुलगा, एका बाजूचे बंद नाक आणि वारंवार फुटणारा घोळणा ही त्रयी अँजिओफायब्रोमाची, म्हणजे तरुण मुलांच्या नाकात होणाऱ्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीची आहे, असे ती म्हणाली.

हा युक्तिवाद मीच गेल्या आठवड्यात वर्गात मांडला होता. आपले शिकवणे विद्यार्थ्याच्या तोंडून नीट परत येते तेव्हा शिक्षकाला जे सुख होते, ते मलाही झाले, आणि त्या सुखाच्या भरात मी चूक केली. वाद रंगला आहे, तर त्याचा निकाल इथेच लावून दाखवू, या हौसेने मी नागपूरच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रोब (बोथट टोकाची बारीक सळई) दिला. पॉलिपला प्रोब लागला तर रुग्णाला फारसे जाणवत नाही, सुजलेल्या टर्बिनेटला लागला तर तो दचकतो, आणि गाठीच्या कडेने प्रोब फिरवता आला तर तिचे मूळ कुठे आहे याचा अंदाज येतो. प्रात्यक्षिक परीक्षेत ही चाचणी करून दाखवावी लागते. पण ज्या नाकात अँजिओफायब्रोमाची शंका मिनिटापूर्वीच उच्चारली गेली आहे, त्या नाकात प्रोब घालायचा नसतो आणि ओपीडीत बायोप्सी तर मुळीच घ्यायची नसते, हेही मीच शिकवले होते. त्या गाठीच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूचा थर पुरेसा नसतो, त्यामुळे फुटलेली वाहिनी आपणहून आकसत नाही आणि रक्त थांबता थांबत नाही.

प्रोबचे टोक जेमतेम टेकले आणि रक्ताची धार लागली. विद्यार्थ्याने हात मागे घेतला आणि तो पांढराफटक पडला. मी ॲड्रेनलीन आणि लिग्नोकेनमध्ये भिजवलेली पट्टी भरली, रुग्णाला पुढे वाकवून घशात उतरलेले रक्त थुंकायला लावले आणि अर्ध्या तासाने रक्त थांबले. वैद्यकीयदृष्ट्या हा स्राव किरकोळ होता. काकांच्या दृष्टीने तो किरकोळ नव्हता. ते उभे राहून म्हणाले, “शिकवचा आसा ता शिकवा, पण रगात काढून कित्याक?”

मी त्यांची माफी मागितली, विद्यार्थ्यांच्या देखत मागितली. नंतर विभागातल्या एका सहकाऱ्याने, इतके करायची गरज नव्हती, असे सुचवले. माझे मत वेगळे आहे. विद्यार्थ्याने ते रक्त माझ्या सांगण्यावरून काढले होते, आणि मी गप्प राहिलो असतो तर ती चूक त्याच्या एकट्याच्या नावावर जमा झाली असती.

नाकातली पट्टी काढल्यावर मी प्रथमच घाई न करता, दिव्याचा झोत स्थिर ठेवून आत पाहिले. हे मी आधी करायला हवे होते. खालच्या टर्बिनेटवर आणि नाकाच्या तळाशी लालभडक, खडबडीत, लिबलिबीत वाढ होती. पुस्तके तिला स्ट्रॉबेरीची उपमा देतात. आमच्या विद्यार्थ्यांना तुतीचे फळ अधिक ओळखीचे. त्या लाल पृष्ठभागावर बारीक रवा भुरभुरावा तसे पांढरट पिवळसर ठिपके होते. मला निदान समजले. ते मी सांगितले नाही. रुग्णाला देखरेखीसाठी भरती करून घेतले, काकांशी पुन्हा बोललो, आणि विद्यार्थ्यांना म्हटले की, या रुग्णाला अजून एक प्रश्न विचारायचा राहिला आहे, तो दुपारपर्यंत शोधून काढा. मात्र त्याच्या नाकाला आता कोणी हात लावायचा नाही.

राहिलेला प्रश्न

दुपारी वॉर्डात त्या नऊ जणांनी मिळून रुग्णाला पुष्कळ प्रश्न विचारले. घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, प्रवास कुठे झाला, घरी जनावरे आहेत का, नाकाला कधी मार बसला होता का, नाकात तपकीर ओढतो का. शेवटी देवगडची मुलगी पुढे झाली आणि तिने विचारले, “तुमी न्हातास खय?”

“पावसाळो सरलो की खाणीतच,” तो म्हणाला. “चिरे काढून झाले की थयच उडी.”

ज्यांनी कोकण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सड्यांवर जांभा दगड आहे. तो खाणीत असताना यंत्राच्या पात्याने कापून त्याचे विटेच्या आकाराचे पण विटेहून पुष्कळ मोठे ठोकळे काढतात. त्यांना चिरे म्हणतात, आणि इथली घरे, गडगे, विहिरींचे बांधकाम सारे त्याच चिऱ्यांचे. चिरे काढून झालेली खाण म्हणजे उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा. पावसाळ्यात काम बंद असते आणि कोकणातला पाऊस त्या खड्ड्यात साठतो. पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. दसऱ्याच्या सुमारास शेजारी नवी खाण सुरू होते, तेव्हा जुन्या खाणीत पुरुष-दोन पुरुष पाणी असते. दिवसभर तांबड्या धुळीत राबलेली माणसे संध्याकाळी त्यात उतरतात. म्हशीही त्यातच डुंबतात. धुळीने नाकात खपल्या धरतात, खपल्या बोटाने काढल्या जातात, नखाने आतली नाजूक त्वचा ओरखडते आणि त्याच नाकाने माणूस साचलेल्या पाण्यात बुडी मारतो.

आमचा रुग्ण अडीच वर्षे चिरेखाणीवर होता. ‘मजूर’ या तीन अक्षरांत खाण, धूळ, पाणी आणि म्हशी असे सगळे मिटून गेले होते. नागपूरच्या विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्याने चिरेखाण जन्मात पाहिली नव्हती. मला अधिक टोचले ते त्या मुलीचे उत्तर. रुग्णाच्या गावाचे नाव ऐकताच तिला तिथल्या खाणी आठवल्या होत्या. तिचे स्वतःचे चुलतभाऊ अशाच खाणीत पोहायला शिकले होते. मग सकाळीच का विचारले नाही, असे मी म्हटल्यावर ती म्हणाली, “सर, ते केसशीटमध्ये कुठे लिहायचं, ते कळलं नाही.”

म्हणजे माहिती होती, पण घरची होती, आणि घरची माहिती वैद्यकशास्त्रात धरतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही विद्यार्थ्याला रकाने इतके पक्के शिकवतो की, रकान्यात न मावणारी गोष्ट तो आपणहून बाजूला ठेवतो.

निदान

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोगाचे नाव सांगितले : ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. याच्या जंतूचे वर्णन गिलेर्मो सीबर याने १९०० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे केले आणि जंतूला त्याचेच नाव मिळाले. पण जगातले बहुतेक रुग्ण सापडतात ते भारतात आणि श्रीलंकेत. साचलेल्या पाण्याशी, तळ्यांत आणि डबक्यांत आंघोळ करण्याशी त्याचा संबंध फार पूर्वीपासून लावला गेला आहे. तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. नाक आणि नाकामागचा घसा ही त्याची नेहमीची जागा, त्याखालोखाल डोळ्यांचा क्रम लागतो. क्वचित मूत्रमार्गात आणि त्वचेवरही तो आढळतो. गुराढोरांनाही होतो.

हा जंतू कोणत्या जातकुळीचा, यावर मी मुद्दाम वेळ दिला, कारण विद्यार्थ्यांनी पुस्तकात तो बुरशीच्या प्रकरणात वाचला होता. ॲशवर्थ याने १९२३ मध्ये त्याचे जीवनचक्र मांडले तेव्हा त्याला बुरशीत घातले, आणि पुढे कित्येक दशके तो तिथेच राहिला. तो प्रयोगशाळेतल्या माध्यमावर वाढत नाही आणि बुरशीविरोधी औषधांना दाद देत नाही, या दोन गोष्टी तेव्हाही खटकतच होत्या. १९९० च्या दशकाअखेरीस जनुकीय अभ्यास झाले आणि तो बुरशी नसून, माशांना रोग करणाऱ्या काही सूक्ष्म जीवांच्या गोतावळ्यातला आहे, असे दिसून आले. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयात माशांचे नाव निघाले की वर्ग जागा होतो, तसा तो झाला.

ओळख पटली होती तरी मी थेट शस्त्रक्रियेकडे गेलो नाही. आदल्या दिवशीची शंका रीतसर दूर करणे आवश्यक होते, आणि ती कशी करतात हे विद्यार्थ्यांनी पाहणे त्याहून आवश्यक होते. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला. अँजिओफायब्रोमा वाढताना गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकलतो. त्या बाकाला होल्मन-मिलर चिन्ह म्हणतात. इथे ती भिंत सरळ होती, नाकामागचा घसा मोकळा होता आणि वाढ नाकाच्या पोकळीपुरती मर्यादित होती. मुंबईच्या विद्यार्थिनीचा अंदाज चुकला, पण तिने घेतलेली शंका रास्त होती, हे मी सर्वांसमोर सांगितले. अशा नाकात ती शंका न घेणारा विद्यार्थी मला अधिक धोक्याचा वाटतो.

शस्त्रक्रिया आणि काचपट्टी

पूर्ण भूल देऊन, घशात पट्टी ठेवून, एंडोस्कोपखाली वाढ समूळ काढली आणि तिचे मूळ जिथे होते तो टर्बिनेटचा आणि तळाचा भाग कॉटरीने जाळला. रक्त अपेक्षेप्रमाणे बऱ्यापैकी गेले, पण चढवावे लागले नाही. ही गाठ ओढून तोडायची नसते. तुकडे आणि रक्त सांडले तर आतले बीजाणू शेजारच्या ओरखड्यांत रुजू शकतात. मागच्या शस्त्रक्रियेत काय झाले होते, हे कागदांअभावी कळायला मार्ग नाही. मूळ न जाळल्यास रोग परततो, एवढेच खात्रीने म्हणता येते. विद्यार्थ्यांनी हे सारे पडद्यावर पाहिले, आणि या वेळी पडद्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

खरा तास झाला तो पॅथॉलॉजी विभागात. काचपट्टीवर निरनिराळ्या वयाच्या बीजाणुधान्या, म्हणजे ज्यांत जंतूचे बीजाणू तयार होतात त्या पिशव्या, दिसत होत्या. कोवळ्या लहान आणि एकसंध होत्या, तर पिकलेल्यांचा व्यास दोनशे-तीनशे मायक्रॉनपर्यंत होता, कवच जाड होते आणि पोटात हजारो बीजाणू दाटीवाटीने भरले होते. काही फुटून रिकाम्या होऊ लागल्या होत्या. मग मी विचारले की, नाकात दिसलेले रव्यासारखे ठिपके कशाचे होते? क्षणभर शांतता झाली आणि सोलापूरच्या मुलाने उत्तर दिले, “याच, सर.” श्लेष्मल त्वचेखाली पिकून पृष्ठभागाशी आलेल्या बीजाणुधान्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. इतक्या उघडपणे आपली काचपट्टी पृष्ठभागावर मांडून बसणारे रोग फार थोडे आहेत, आणि तरीही आम्ही दहा जणांनी, माझ्यासह, त्या सकाळी प्रोब लागेपर्यंत ती वाचली नव्हती. मागच्या रुग्णालयात तुकडा तपासायला पाठवला गेला असता, तर आठ महिन्यांपूर्वीच उत्तर मिळाले असते. वॉर्डातून निघताना मी प्रत्येक तुकडीला हे सांगतो, आणि ते पुरेसे जोरात सांगतो की नाही याची मला आजही शंका आहे : माणसाच्या अंगातून काढलेली कोणतीही गाठ बादलीत टाकायची नसते.

औषधाचे उपप्रकरण

रोग परतू नये म्हणून डॅप्सोन ही गोळी काही महिने देण्याची पद्धत आहे. ती बीजाणुधान्यांची वाढ अडवते असे मानतात. शस्त्रक्रियेची जागा ती घेत नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असल्यास तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो, म्हणून आधी ती चाचणी केली आणि हिमोग्लोबिन पाहिले. दोन्ही ठीक आल्यावर रोज १०० मिलिग्रॅम सुरू केले.

महिन्याभराने रुग्ण आला तेव्हा गोळ्यांची दुसरी पट्टी न उघडलेली होती. गावाजवळच्या औषधांच्या दुकानात, ही तर महारोगाची गोळी, असे कोणीतरी म्हणाले होते. घरात रडारड झाली, काकांनी गोळ्या बंद केल्या. डॅप्सोन कुष्ठरोगात वापरतात हे खरेच आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांना ते त्वचारोग विभागात शिकवलेले होते. तरीही चिठ्ठी लिहून देताना रुग्णाला ते आधीच सांगावे, हे त्यांच्यापैकी एकालाही सुचले नाही, आणि चिठ्ठीवर सही माझी होती. देवगडच्या मुलीने काकांना त्यांच्या बोलीत पुन्हा समजावले. त्यात पाऊण तास गेला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

खाणीवर

जनवैद्यक विभागाच्या शिक्षकांबरोबर आम्ही नोव्हेंबरात त्या खाणीवर गेलो. विद्यार्थ्यांची अपेक्षा अशी की, तिथे आणखी रुग्ण सापडतील. मुकादमाच्या परवानगीने अकरा कामगारांची नाके पाहिली. रोग एकाच्याही नाकात नव्हता. दोघांचा नाकाचा पडदा वाकडा होता, तिघांच्या नाकात कोरड्या खपल्या होत्या, एकाच्या कानात मळ दगडासारखा बसला होता. मुले हिरमुसली. एकाच पाण्यात अकरा जण उतरतात आणि बाराव्यालाच रोग होतो, असे का, हा त्यांचा प्रश्न योग्य होता. ज्या मुलखात हा रोग आहे तिथेही पाण्यात उतरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच तो होतो, आणि या फरकाचा समाधानकारक उलगडा झालेला नाही, असेच मला सांगावे लागले. मराठवाड्यातला एक विद्यार्थी बराच वेळ पाण्याकडे पाहत काठावर उभा होता. पाणी निळसर हिरवे, नितळ आणि फार सुंदर होते. त्याच्या गावात इतके पाणी टँकरनेही येत नाही, असे तो म्हणाला.

केसशीटमधला बदल

पुढच्या तुकडीपासून मी व्यवसायाचा रकाना काढून टाकला आणि त्याच्या जागी तीन ओळी मोकळ्या ठेवल्या : रुग्ण सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करतो, कशात श्वास घेतो, कुठल्या पाण्याने आंघोळ करतो. एक शब्दाचे उत्तर लिहिल्यास गुण नाहीत. दुसरा बदल प्रोबच्या बाबतीत केला. एका बाजूच्या, रक्त देणाऱ्या गाठीला वरिष्ठांनी पाहिल्याखेरीज विद्यार्थ्याने स्पर्श करायचा नाही, आणि परीक्षेत ‘मी इथे प्रोब घालणार नाही’ असे कारणासह सांगणाऱ्याला चाचणी करून दाखवणाऱ्याइतकेच गुण द्यायचे.

पहिल्या बदलावर सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. सकाळच्या ओपीडीत शंभरावर रुग्ण असताना प्रत्येकाला आंघोळीचे विचारत बसलो तर दुपारचे दोन वाजतील, असे ते म्हणाले. आक्षेप खोटा नाही. ॲलर्जीने शिंकणाऱ्या शिक्षिकेला किंवा टॉन्सिल सुजलेल्या पोराला खाणीचे विचारण्यात मतलब नाही. पण विद्यार्थ्याकडे दिवसाला एक किंवा दोन रुग्ण असतात, शंभर नव्हे. वेळ नाही हे कारण आमचे आहे, त्याचे नाही, आणि ते त्याला इतक्या लवकर वापरू देऊ नये असे मला वाटते. दुसरा आक्षेप बाहेरून आलेल्या परीक्षकांचा होता : मोकळ्या ओळींना गुण कसे द्यायचे? यावर माझ्याकडे पक्के उत्तर नाही. सध्या मी त्या ओळी वाचतो आणि विद्यार्थ्याला त्यावर एक प्रश्न विचारतो. नुसते भरायचे म्हणून भरलेले लगेच कळून येते.

पाठपुरावा

तिसऱ्या महिन्यात नाक स्वच्छ होते. सहाव्या महिन्यात, मे मध्ये, नाकाच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा लाल उंचवटा दिसला. तो भूल देऊन काढला आणि जागा पुन्हा जाळली. काचपट्टीत बीजाणुधान्या होत्या. डॅप्सोन चालू ठेवले आहे. खाणीत आंघोळ करू नका, असे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते आणि प्रत्येक भेटीत सांगत आलो. मे महिन्यात तो म्हणाला, “मग न्हावचा खय?” खाणीवरच्या झोपडीला नळ नाही, आणि यंत्रासाठी येणाऱ्या टाकीचे पाणी मुकादम आंघोळीला देत नाही. त्या दिवशी हजर असलेल्या तुकडीने हा प्रश्न केसशीटमध्ये जसाच्या तसा, त्याच्याच शब्दांत लिहिला. मुकादमाशी बोलण्याचे जनवैद्यक विभागाने मान्य केले आहे, आणि रुग्णाला पाऊस सरल्यावर, नवी खाण सुरू होण्याआधी, तपासणीला बोलावले आहे.